पिस्टन लावला की रायफल सुधारते का?

थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरसाठी कॅम, फॉलोअर आणि स्लायडरची चित्रं काढून काढून आपले हात दुखतात. पण हेच सगळे भाग एका हातात मावणाऱ्या यंत्रात, सेकंदाला बारा-पंधरा वेळा, कुठल्याही क्रँकशाफ्टशिवाय काम करताना बघायचे असतील तर आधुनिक रायफलकडे बघावं. रायफल म्हटलं की कुणाला सिनेमा आठवतो, कुणाला कॉम्प्युटर गेम. आपण मात्र तिच्याकडे मशीन म्हणून बघणार आहोत.

आपला प्रश्न साधा आहे. चालत्या मशीनमधला एक महत्त्वाचा भाग काढला आणि त्या जागी दुसऱ्या पद्धतीचा भाग बसवला, तर मशीन सुधारलं की नाही हे ठरवायचं कसं? अमेरिकेत एआर-१५ जातीच्या रायफलबाबत हा वाद अनेक दशकं चालू आहे. एक पक्ष म्हणतो, तिची मूळची गॅस पद्धत घाणेरडी आहे, पिस्टन बसवा. दुसरा पक्ष म्हणतो, मूळ पद्धत उत्तम आहे, उगाच हात लावू नका. दोन्हीकडे जाणकार आहेत. आणि हा वाद चहाच्या टपरीवरचा नाही, कारण उत्तर चुकलं की त्याची किंमत सैनिकाला जिवाने मोजावी लागते. ती एकदा मोजलीही गेली आहे.

१) 'अपर' म्हणजे काय?

एआर-१५ चे दोन मुख्य तुकडे असतात. दोन पिना काढल्या की ते वेगळे होतात. खालच्या तुकड्याला लोअर रिसीव्हर म्हणतात. त्यात खटका, मूठ आणि मॅगझिनची जागा असते (मॅगझिन म्हणजे काडतुसांची पेटी, आपलं कॉलेज मॅगझिन नव्हे!). वरच्या तुकड्याला अपर रिसीव्हर म्हणतात. त्यात बॅरल, बोल्ट, बोल्ट कॅरिअर आणि गॅसची सगळी व्यवस्था असते. थोडक्यात, लोअर म्हणजे स्विचबोर्ड आणि अपर म्हणजे इंजिन.

अमेरिकन कायद्याप्रमाणे या रायफलचा अनुक्रमांक असलेला लोअर हाच 'बंदूक' समजला जातो, अपर हा नुसता सुटा भाग. त्यामुळे एकच लोअर ठेवून वेगवेगळी अपर बदलण्याची तिथे मोठी बाजारपेठ उभी राहिली. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली असल्या गोष्टी परवान्याशिवाय करता येत नाहीत, तेव्हा आपण कागद-पेन्सिलीवरच समाधान मानू. अभ्यासाला तेवढं पुरेसं आहे.

२) स्टोनरची युक्ती

गोळी सुटते तेव्हा काय होतं ते आधी बघू. काडतुसातली दारू जळते आणि गॅस तयार होतो. (रेक्टर सरांनी दचकू नये, इथे दारू म्हणजे बंदुकीचीच!) ५.५६ मिमी नाटो काडतुसाचा चेंबरमधला दाब सुमारे ४३० मेगापास्कलपर्यंत जाऊ शकतो. हा गॅस गोळीला बॅरलमधून ढकलत नेतो. गोळी एका ठराविक जागेपुढे गेली की बॅरलला वरच्या बाजूने पाडलेल्या बारीक भोकातून थोडा गॅस बाहेर काढतात आणि त्याच गॅसच्या जोरावर पुढची सगळी कामं करून घेतात. बोल्ट उघडणे, रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, स्प्रिंग दाबणे, नवीन काडतूस आत सरकवणे, बोल्ट पुन्हा बंद करणे, एवढी ही कामं आहेत.

भोकापासून बॅरलच्या तोंडापर्यंत गोळीला जायला लागतो तेवढाच वेळ हा गॅस भरपूर दाबाने मिळतो. हे अंतर १८० मिमी आणि वेग सेकंदाला ९०० मीटर धरला तर हा वेळ येतो ०.२ मिलिसेकंद! एवढ्या वेळात मिळालेल्या धक्क्यावर सगळं चक्र चालतं.

युजीन स्टोनर या अमेरिकन डिझायनरने १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत काम करताना एक वेगळीच रचना केली. १९६० मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याने भोकातला गॅस एका बारीक नळीने थेट मागे, बोल्ट कॅरिअरच्या पोटात नेला. तिथे कॅरिअर हा सिलिंडर होतो आणि बोल्टची शेपटी हाच पिस्टन. गॅस फुगला की कॅरिअर मागे ढकलला जातो आणि बोल्ट पुढे दाबला जातो. कॅरिअर मागे जाताना त्यातला कॅमचा खाचा बोल्टला फिरवतो आणि कुलूप उघडतं.

लोक या पद्धतीला सरसकट 'डायरेक्ट इंपिंजमेंट' म्हणतात, म्हणजे गॅसचा झोत थेट भागावर आदळणे. खरी तशी पद्धत स्वीडनच्या १९४२ सालच्या युंगमन रायफलमध्ये होती. स्टोनरच्या रचनेत पिस्टन आहे, फक्त तो बोल्टच्या आत लपलेला आहे. परीक्षेत विचारलं तर हे लिहा, वायवाला भाव खाऊन जाल.

या रचनेची खरी गंमत म्हणजे सगळी बलं एकाच अक्षावर आहेत. बॅरल, बोल्ट, कॅरिअर, बफर, सगळे एका रेषेत. तिरका धक्का कुठेच नाही. वेगळा पिस्टन आणि दांडा नसल्याने वजनही कमी. शिवाय बोल्ट पुढे दाबला गेल्यामुळे उघडण्याच्या क्षणी त्याच्या दातांवरचा भार हलका होतो. तोटा एकच, पण मोठा. गरम आणि काजळीने भरलेला गॅस मशीनच्या नेमक्या अशा जागी सोडला जातो जिथे तेल टिकायला हवं असतं.

३) पिस्टनचे दोन प्रकार

दुसरा मार्ग म्हणजे गॅस पुढेच, बॅरलच्या वर ठेवलेल्या सिलिंडरमध्ये वापरायचा आणि तिथेच बाहेर सोडायचा. मागे फक्त पिस्टनचा धक्का पाठवायचा.

लाँग स्ट्रोक पद्धतीत पिस्टन कॅरिअरला कायमचा जोडलेला असतो आणि दोघे एकत्र पूर्ण अंतर मागेपुढे जातात. हातगाडी ढकलणारा माणूस जसा गाडीबरोबरच चालत राहतो तसं. रशियाची एके-४७ याच पद्धतीची. जड भाग, भरपूर संवेग, घाणीला न जुमानणारी चाल.

शॉर्ट स्ट्रोक पद्धतीत पिस्टन थोडंसंच सरकतो, कॅरिअरला टोला देतो आणि थांबतो. पुढचा प्रवास कॅरिअर एकटा करतो. कॅरममध्ये स्ट्रायकर जागीच थांबला आणि सोंगटी सुसाट गेली, की कसं दिसतं ते आठवा. आर्मालाइटचीच पुढची रायफल एआर-१८ अशी होती. ब्रिटनची एसए-८० आणि जर्मनीची जी-३६ यांच्यात तिच्याच पद्धतीचे धागे दिसतात. जर्मन कंपनी हेक्लर अँड कॉख हिने जी-३६ चा अनुभव घेऊन एआर-१५ च्या अंगात शॉर्ट स्ट्रोक पिस्टन बसवला. तीच एचके-४१६. नावातला ४ हा एम४ वरून आणि १६ हा एम१६ वरून आलेला.

पुढे अनेक अमेरिकन कंपन्यांनी तयार पिस्टन अपर आणि बदलण्याचे किटही बाजारात आणले. रुगर कंपनीची एसआर-५५६ ही २००९ मध्ये आली तेव्हा या लाटेचा जोर होता.

४) व्हिएतनाम : गुन्हेगार कोण?

आता इतिहासातलं सगळ्यात कडू पान. १९६० च्या दशकाच्या मध्यावर स्टोनरची रायफल एम१६ या नावाने व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकन सैनिकांच्या हातात गेली आणि अडकायला लागली. पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसायची, बाहेर निघायचीच नाही. मग सैनिक बॅरलच्या तोंडातून सफाईची सळई घालून पुंगळी ठोकून काढायचे, समोरून गोळीबार चालू असताना! अडकलेल्या रायफलीशेजारी मरून पडलेल्या सैनिकांच्या बातम्या अमेरिकेत पोचल्या. सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रं त्यांच्या आईवडिलांनी खासदारांकडे नेली. १९६७ मध्ये इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने चौकशी केली.

सगळ्यांचा पहिला संशय कुणावर? अर्थातच त्या घाणेरड्या गॅस नळीवर. ती दिसते ना डोळ्यांना! पण चौकशीतून काय बाहेर आलं ते बघा.

एक, रायफलचं डिझाइन एका दारूवर झालं होतं आणि लष्कराने १९६४ मध्ये काडतुसात दुसरी, बॉल पावडर वापरायला सुरुवात केली. तिच्यामुळे रायफलचा वेग वाढला आणि काजळीही वाढली. वेग वाढला म्हणजे बोल्ट लवकर उघडायला लागला. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटलेली असतानाच तिला ओढायचा प्रयत्न होऊ लागला.

दोन, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत ते गंजायचं, खडबडीत व्हायचं आणि पुंगळी आणखी घट्ट पकडायचं.

तीन, ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता. सफाईचं सामान आणि प्रशिक्षण दोन्ही अपुरं होतं.

उपाय काय केले? चेंबरला क्रोम लावला. बफर बदलून तो जड केला, म्हणजे वेग आटोक्यात आला. सफाईचं सामान वाटलं. १९६८ मध्ये तर लष्कराने विल आइस्नर या कॉमिक्सच्या प्रसिद्ध चित्रकाराकडून रायफलच्या निगराणीची चित्रमय पुस्तिका काढून घेतली. मॅन्युअल कुणी वाचत नाही, कॉमिक मात्र वाचतात, हे त्यांना आपल्या आधीच कळलं होतं!

आणि गॅस नळी? ती बदललीच नाही. आजच्या एम४ मध्येही गॅस त्याच मार्गाने जातो. ज्या भागावर सगळे बोट दाखवत होते तो भाग तसाच ठेवून रायफल सुधारली. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मशीन बिघडलं की आपण डोळ्यांना दिसणाऱ्या भागाला दोष देतो, पण बिघाड बहुतेक वेळा दोन भागांच्या जोडणीत असतो. इथे तो दारू, चेंबर आणि वेग यांच्यामध्ये होता.

५) पिस्टन आला की काय बदलतं?

मग पिस्टन लावण्यात अर्थच नाही का? तसंही नाही. फायदे खरे आहेत. बोल्ट आणि कॅरिअर थंड राहतात, काजळी कमी बसते, तेल जास्त वेळ टिकतं. सायलेन्सर लावल्यावर मागे येणारा गॅस वाढतो, तेव्हा गॅस कमी-जास्त करणारा रेग्युलेटर पिस्टनच्या व्यवस्थेत सोयीने बसवता येतो.

पण थर्मोडायनॅमिक्स आपल्याला फुकट काही देत नाही, आणि मेकॅनिक्स तर मुळीच नाही.

होस्टेलच्या खोलीतलं लोखंडी कपाट सरकवून बघा. मध्यावर ढकललं तर सरळ सरकतं. वरच्या कडेला ढकललं तर कपाट कलतं आणि पलीकडची खालची कड फरशीत रुतते. बल तेवढंच आहे, फक्त जागा बदलली. पिस्टन अपरमध्ये नेमकं हेच होतं. पिस्टन बॅरलच्या वर असतो, म्हणून त्याचा टोला कॅरिअरच्या वरच्या टोकावर बसतो, मध्यावर नाही. समजा टोल्याचं बल १००० न्यूटन आणि अक्षापासूनचं अंतर २० मिमी आहे, तर २० न्यूटन-मीटरचं आघूर्ण तयार झालं. कॅरिअरचं मागचं टोक खाली दबतं आणि तो ज्या नळीत शिरतो तिची खालची कड घासायला लागतो. याला 'कॅरिअर टिल्ट' म्हणतात. सुरुवातीच्या अनेक पिस्टन किटमध्ये हा दोष दिसला.

याचं कारण सरळ आहे. एआर-१५ चा कॅरिअर गोल आहे आणि तो अक्षावरच्या बलासाठी बनवलेला आहे. एके-४७ मध्ये कॅरिअर रुळांवर चालतो, म्हणून तिथे वरून बसलेला धक्का रूळ सांभाळतात. एका मशीनचा पिस्टन उचलून दुसऱ्या मशीनला लावला, पण त्याचे रूळ मागेच राहिले!

मग कंपन्यांनी उपाय काढले. कॅरिअरच्या मागच्या टोकाला खालून जाड पट्ट्या ठेवल्या, धक्का घेणारा भाग वेगळा न जोडता कॅरिअरमध्येच अखंड घडवला, बफरचा आकार बदलला. म्हणजे एक भाग बदलला आणि त्याच्यामागे तीन भाग बदलावे लागले. चांगली पिस्टन रायफल ही 'एआर-१५ अधिक पिस्टन' एवढीच नसते, ती नव्याने केलेलं डिझाइन असते.

वजनही वाढतं. एम४ रिकामी सुमारे २.९ किलो भरते. तेवढ्याच १४.५ इंची बॅरलची एचके-४१६ सुमारे ३.५ किलो. अर्थात हा फरक सगळा पिस्टनचा नाही, जाड बॅरलचाही आहे. पण सहाशे ग्रॅम म्हणजे काय हे डोंगर चढणाऱ्या सैनिकाला विचारा.

६) उष्णता जाते कुठे?

'पिस्टन रायफल थंड राहते' असं वाक्य हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. एम१९३ जातीच्या काडतुसाची गोळी ३.५६ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ९९० मीटर. अर्धा एम व्ही वर्ग मांडा, उत्तर येतं साधारण १७४५ ज्यूल. दारूतून मिळालेल्या ऊर्जेचा हा लहान हिस्सा. उरलेल्यातला बराचसा गॅसबरोबर निघून जातो आणि मोठा भाग बॅरल गरम करतो. पिस्टन लावा नाहीतर काढा, बॅरलमध्ये जाणारी उष्णता तेवढीच राहते. पिस्टन फक्त बोल्टकडे जाणारी उष्णता अडवतो.

हा फरक का महत्त्वाचा? १३ जुलै २००८ रोजी अफगाणिस्तानात वानात इथल्या अमेरिकन ठाण्यावर मोठा हल्ला झाला. ९ अमेरिकन सैनिक मारले गेले. या लढाईत काही शस्त्रं तापून बंद पडली. एम४ चा दीर्घकाळ चालवण्याचा वेग मिनिटाला १२ ते १५ गोळ्या एवढाच आहे आणि जिवावर बेतलेला माणूस तो पाळू शकत नाही. अशा वेळी बॅरल तापून निकामी होत असेल तर तिथे पिस्टनने मदत होणार नाही, जाड बॅरलने होईल. दोष कुठला आणि औषध कुठलं हे आधी जुळवून बघावं लागतं.

७) बदल करताना काय बघायचं?

अपरची निवड करणारा माणूस खरं तर पाच-सहा गोष्टींचा तोल सांभाळत असतो.

बॅरलची लांबी : आखूड बॅरल हाताळायला सोपी, पण गॅसचं भोक चेंबरजवळ येतं आणि तिथे दाब कितीतरी जास्त असतो. टोला जोरात बसतो.

भोकाचा आकार : लहान ठेवला तर थंडीत आणि घाणीत ताकद पुरत नाही. मोठा ठेवला तर सगळे भाग गरजेपेक्षा जोरात आपटतात आणि लवकर झिजतात.

कॅरिअर आणि बफरचं वजन : वजन वाढवलं की वेग घटतो, बोल्ट उशिरा उघडतो. व्हिएतनाममध्ये हाच उपाय कामी आला.

बॅरलची जाडी : उष्णता झेलते, पण वजन वाढवते.

हँडगार्ड : तो बॅरलला स्पर्श करू नये, म्हणजे हाताच्या दाबाने नेम बदलत नाही. इथे पिस्टनची अडचण अशी की त्याचा सिलिंडर बॅरललाच जोडलेला असतो. गोळी बाहेर पडतानाच बॅरलवर एक हलता भाग काम करत असतो, त्याचा परिणाम कंपनांवर होऊ शकतो.

यातली एकही गोष्ट एकटी बदलत नाही. म्हणून मूल्यमापनाचा पहिला नियम: एका वेळी एकच बदल. नवं अपर, नवी दुर्बीण आणि नवं काडतूस असं सगळं एकदम बदललं आणि नेम सुधारला, तर श्रेय कुणाचं? कुणालाच सांगता येणार नाही.

८) मोजायचं कसं? आकडे बोलतात, पण हळू आवाजात

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. २००७ च्या शरद ऋतूत अमेरिकन लष्कराने मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीन चाचणी केंद्रात चार कार्बाइन धुळीत तपासल्या. प्रत्येक प्रकारच्या १० आणि प्रत्येकीतून ६००० गोळ्या, म्हणजे प्रकारागणिक ६०,००० गोळ्या. किती वेळा अडकल्या ते असं:

एक्सएम८ : १२७ वेळा
स्कार : २२६ वेळा
एचके-४१६ : २३३ वेळा
एम४ : ८८२ वेळा

पहिल्या तिन्ही शॉर्ट स्ट्रोक पिस्टनच्या, चौथी स्टोनर पद्धतीची. झाला निकाल! असंच तेव्हा अनेकांनी म्हटलं. आपण जरा थांबू.

सरासरी काढली तर एम४ दर ६८ गोळ्यांमागे एकदा अडकली, एचके-४१६ दर २५८ मागे. फरक मोठा आहे आणि तो नाकारता येत नाही. परंतु एम४ च्या ८८२ पैकी २३९ वेळा दोष मॅगझिनचा होता, गॅस पद्धतीचा नव्हे. ते वगळले तर ६४३ उरतात, म्हणजे दर ९३ मागे एक. आणि याहून विचित्र गोष्ट म्हणजे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातल्या धूळ चाचणीत एम४ चा आकडा तीनशेच्या आसपास होता! तीच रायफल, तशीच चाचणी, आणि आकडा जवळजवळ तिप्पट. जी चाचणी एकाच रायफलला दोन वेळा इतके वेगळे मार्क देते, तिच्या एका निकालावर किती भरवसा ठेवायचा? पिस्टन रायफली धुळीत चांगल्या टिकल्या एवढं म्हणता येतं. त्या पिस्टनमुळेच टिकल्या असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, कारण बॅरल, मॅगझिन, रायफलचं वय, सगळंच वेगळं होतं.

आता लष्कर सोडा, एका माणसाचा विचार करा. त्याने पिस्टन अपर घेतलं, २०० गोळ्या चालवल्या, एकदाही अडकलं नाही. तो खुशीत सांगतो, शंभर टक्के विश्वासार्ह! खरंच?

स्टॅटिस्टिक्समध्ये 'तीनचा नियम' आहे. 'न' वेळा प्रयोग केला आणि एकदाही अपयश आलं नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अपयशाचं प्रमाण ३ भागिले 'न' पेक्षा कमी आहे. इथे ३ भागिले २०० म्हणजे १.५ टक्का. आता अ‍ॅबर्डीनच्या धुळीत सगळ्यात खाली राहिलेल्या एम४ चं प्रमाण काढा. ८८२ भागिले ६०,०००, म्हणजे १.४७ टक्का. तेव्हा २०० गोळ्या न अडकता चालणं एवढ्याच पुराव्यावर हे अपर धुळीतल्या त्या एम४ पेक्षा बरं आहे असंसुद्धा ठामपणे म्हणता येत नाही! एचके-४१६ च्या पातळीची खात्री द्यायची तर एकही अडथळा न येता ७७० च्या वर गोळ्या चालवाव्या लागतील, आणि त्याही तशाच धुळीत. हिशेब कॅलक्युलेटरवर दोन मिनिटांचा आहे, पण तो न करताच मतं बनतात.

नेमाचंही तेच. तीन गोळ्या जवळजवळ लागल्या की लोक कागदाचा फोटो काढतात. पण जितक्या जास्त गोळ्या तितका गट सरासरीने पसरतच जातो. तीन गोळ्यांचा गट आणि दहा गोळ्यांचा गट यांची तुलना म्हणजे एका युनिट टेस्टच्या मार्कांची सेमिस्टरच्या निकालाशी तुलना.

म्हणून प्रामाणिक मूल्यमापनात एवढं तरी हवं: दोन्ही अपर एकाच लोअरवर, त्याच मॅगझिनने आणि एकाच लॉटच्या काडतुसांनी, गोळ्यांची संख्या आणि थांबे आधीच ठरवलेले, प्रत्येक अडथळ्याची नोंद त्याच्या कारणासकट, बोल्ट आणि बॅरल दोन्हींचं तापमान वेगवेगळं, आणि शेवटी कॅरिअर कुठे घासला त्याच्या खुणा. खुणा खोटं बोलत नाहीत.

९) मग आज काय चित्र आहे?

अमेरिकन मरीन कोअरने २०१० मध्ये एचके-४१६ वर आधारलेली एम२७ स्वीकारली. फ्रान्सने २०१६ मध्ये एचके-४१६ निवडली. याउलट एम४ ची जागा घेण्यासाठी अमेरिकन लष्कराने भरवलेली स्पर्धा २०१३ मध्ये कुणालाही विजेता न ठरवता बंद झाली. ठरवलेली विश्वासार्हतेची रेषा एकाही उमेदवाराने गाठली नाही आणि नव्या काडतुसाशी न जुळणं हे त्याचं एक संभाव्य कारण लष्करानेच सांगितलं. पुन्हा काडतूस! पुढे २०२२ मध्ये त्याच लष्कराने ६.८ मिमीची जी नवी सिग रायफल निवडली ती शॉर्ट स्ट्रोक पिस्टनची आहे. तेव्हा वारं पिस्टनच्या बाजूला वाहतंय, पण ते पूर्ण नव्याने केलेल्या डिझाइनमधून, नुसत्या किटमधून नव्हे.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर इन्सास बघा. ही रायफल डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई या प्रयोगशाळेत डिझाइन झाली. पाषाणचा तो परिसर आपल्यातल्या अनेकांनी बसमधून जाता-येता पाहिला असेल. इन्सास लाँग स्ट्रोक पिस्टनची आहे, गॅस रेग्युलेटरसकट. म्हणजे पिस्टनवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे हिला अडचण यायला नको. पण १९९९ च्या कारगिल युद्धात तिच्याबद्दल ज्या तक्रारी आल्या, त्यात कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकचं मॅगझिन तडकण्याची तक्रार ठळक होती. पिस्टन पोलादाचा आणि मजबूत, पण त्याला काडतूस पुरवणारी पेटीच तडकली तर तो काय करणार? अ‍ॅबर्डीनमध्ये मॅगझिन, कारगिलमध्येही मॅगझिन. चर्चा मात्र दोन्हीकडे रायफलीची.

१०) थोडक्यात

पिस्टन लावला की रायफल सुधारते का? उत्तर: बोल्टमधली काजळी आणि उष्णता हीच तुमची अडचण असेल आणि तिरक्या धक्क्याची सोय केलेली असेल, तर हो. अडचण बॅरल, काडतूस किंवा मॅगझिनची असेल तर नाही. उलट वजन आणि झीज वाढून बसेल.

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये आपणही कुणी स्कूटरचं इंजिन, कुणी पंप, कुणी सोलर कुकर 'मॉडिफाय' करतो. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर 'कार्यक्षमता वाढली' हे वाक्य ठरलेलंच असतं. ते लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. आपण नक्की कुठला दोष काढायला निघालो होतो? बदलामुळे धक्का, उष्णता किंवा वजन दुसरीकडे कुठे गेलं? आणि जितक्या वेळा मोजलं तितक्यावरून हे वाक्य लिहिण्याचा हक्क आपल्याला आहे का? आपला पंप बंद पडला तर फार तर मार्क जातील. पण उद्या आपल्यातलाच कुणीतरी एखाद्या प्रयोगशाळेत, कारखान्यात किंवा तपासणी विभागात बसून 'पास' असा शिक्का मारणार आहे. ती वस्तू मग ज्याच्या हातात पडेल, त्याला ती पुन्हा तपासून बघायची सवड मिळणार नाही.